एका चकतीची गोष्ट

कंदिलाची वात फार वर सरकवली, तर उजेड वाढत नाही. काच मात्र काळी पडते. मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १५ भाग हवा मिळाली, म्हणजे ते नीट जळते. पेट्रोल जास्त झाले, की मागून काळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते आणि इंजिन आचके देऊ लागते. रस्त्यावर हा त्रास फक्त खिशाला जाणवतो. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात तो जिवावर बेतत होता.

स्पिटफायर आणि हरिकेन ही इंग्रजांची लढाऊ विमाने. दोहोंत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन असे. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबून सूर मारला, की ते बंद पडू लागे. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यामुळे शत्रू तसाच सूर मारून सुखरूप निसटे.

असे का व्हावे? सूर मारताना पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तळाशी न राहता वर उसळे आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. पाठोपाठ पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट फसे, तोटी सताड उघडी पडे आणि पंपाच्या जोराने लोंढा आत शिरे. खरा घात होई तो या अतिरेकाने.

फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर होत्या. १९३४ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर मोटारसायकलने ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारलेली ही बाई! त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसवायला भोक पाडलेली एक छोटी चकती काढली. इंजिन पूर्ण जोरात असताना जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्या भोकातून जाई. विमान कामावरून न काढता ती बसवता येई. मोजके सहकारी घेऊन बाई तळातळांवर हिंडल्या आणि १९४१च्या मार्चपर्यंत चकत्या बसल्या.

पहिला, उपासाचा आचका राहिलाच. त्याला पुढे नव्या घडणीचा कार्ब्युरेटर यावा लागला. पण लोंढा थांबला आणि वैमानिकाला शत्रूमागे झेपावता येऊ लागले.

जुन्या मोटारीचा जाणता मिस्त्रीही काळा धूर पाहून लगेच इंजिन खोलत नाही. चोक अडकला आहे का, हवेची जाळी तुंबली आहे का, फ्लोटला भोक पडून तो बुडाला आहे का, हे तो आधी पाहतो. पुष्कळदा दुखणे तिथेच सापडते.