शेततळ्यात पडलेला प्राणी बाहेर का येऊ शकत नाही?

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून अनेक शेततळ्यांत प्लास्टिकचं अस्तर घालतात. धोका नेमका तिथेच आहे.

नैसर्गिक तळ्याचा काठ मातीचा आणि उथळ असतो. अस्तर मात्र गुळगुळीत असतं, त्यावर शेवाळ धरलं की आणखी निसरडं होतं. उन्हाळ्यात पाणी प्यायला आलेलं हरीण, कोल्हा किंवा बिबट्या आत घसरला, की पोहता येत असूनही त्याला वर चढता येत नाही. शेवटी तो दमून बुडतो. माणसंही अशीच बुडतात.

मग करायचं काय?

• तळ्याभोवती पक्कं कुंपण घाला.
• चारही उतारांवर गाठी मारलेले दोर किंवा काथ्याची जाळी सोडा. वरचं टोक काठावर घट्ट बांधा.
• जमल्यास कुंपणाबाहेर एक उथळ पाणवठा ठेवा.

तळ्यात दिसणारा प्रत्येक साप विषारी नसतो. बेडूक-मासे खाणारी दिवड आणि उंदीर खाणारी धामण दोन्ही बिनविषारी आहेत. तरी ओळख पटवायला जवळ जाऊ नका. साप चावलाच, तर थेट रुग्णालय गाठा.

बिबट्यासारखा प्राणी आत पडलेला दिसला, तर पाण्यात उतरू नका, गर्दी हटवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.