मुलांच्या कोपराचे फ्रॅक्चर : घट्ट पट्टीपासून तारांपर्यंत

मूल खेळताना हातावर पडते, कोपराजवळ हाड मोडते आणि डॉक्टर सांगतात, "तारा घालाव्या लागतील." पालक विचारतात, "नुसत्या प्लास्टरने भागणार नाही का?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

या फ्रॅक्चरमध्ये दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते. त्याच्या पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. पूर्वी हाड बसवून, कोपर पूर्ण दुमडून बांधत. जास्त दुमडले तर सुजेमुळे रक्तवाहिनी दाबली जाई. कमी दुमडले तर हाड सरके आणि हात कोपरात वाकडा जुळे.

1881 मध्ये जर्मनीतील हाले येथील सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी दाखवले, की घट्ट पट्टीनंतर बोटे कायमची आखडतात ती स्नायूंचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे.

या पेचातून वाट काढली ती बारीक तारांनी. 1948 मध्ये स्वेन्सन यांनी या फ्रॅक्चरसाठी तारांची पद्धत मांडली. तारांनी हाड जागेवर राहते, मग कोपर फार दुमडावे लागत नाही. 1959 मध्ये गार्टलँड यांनी तीन प्रकार पाडले: न सरकलेले, अर्धवट सरकलेले आणि पूर्ण सुटलेले. 1974 मध्ये फ्लिन आणि सहकाऱ्यांनी 16 वर्षांचा अनुभव मांडला. कोपराचा बाक किंवा हालचाल 5 अंशांपर्यंतच कमी झाली तर निकाल उत्तम, 15 अंशांहून जास्त झाली तर वाईट, हे त्यांचे माप आजही वापरतात. या मापाने आज तारा घातलेल्या बहुतेक मुलांचा निकाल उत्तम किंवा चांगला येतो.

तोटेही आहेत. आतल्या बाजूने तार घालताना तिथल्या नसेला इजा होऊ शकते. तारेच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो. तारा साधारण 3 ते 4 आठवड्यांनी काढतात. नंतरचा ताठरपणा मूल खेळू लागले की हळूहळू जातो. मालीश करू नका.

म्हणजे न सरकलेल्या हाडाला प्लास्टर पुरते, पूर्ण सुटलेल्याला तारा लागतात.

मात्र फोल्कमन यांचा इशारा जुना झालेला नाही. हाडवैद्याची पट्टी असो वा आमचे प्लास्टर, वेदना वाढत गेल्या, बोटे सरळ करताना मूल कळवळले, बोटे थंड, पांढरी किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात जा.