पाणी कुठलं घालता?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीने पाचोडच्या पुढे भर दुपारी मान टाकली. सौ.च्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटखालून वाफ यायला लागली आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून राहिलो. ऑपरेशनची तारीख हुकली ती हुकलीच. दोन वर्षांतली ही चौथी वेळ. आधीच्या तीन वेळी तीन उपाय झाले होते. एकदा रेडिएटर नवा टाकला, एकदा पंख्याची मोटर बदलली, आणि एकदा तर "आपल्याकडच्या उन्हात याची गरजच काय" म्हणत थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला गेला. आजार एकच, औषधं तीन, गुण एकाचाही नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे काही समजेनासं झालं की मागे जाऊन बघायची खोड आहे. म्हटलं, या तापण्याचा इतिहास तरी पाहू.

तर मंडळी, हे दुखणं मोटारगाडीइतकंच जुनं आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. त्या गाडीचं इंजिन थंड राहायचं ते पाण्याची वाफ होऊन उडून जाण्यावर. म्हणजे चुलीवरच्या पातेल्यासारखाच प्रकार. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर, त्या गाडीने गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनही शोधावं लागलं, पण पाणी मात्र वरचेवर भरावं लागलं.

याचं कारण सोपं आहे. इंधन जळून जी उष्णता होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला लागतो. एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे ओझं कमी पाण्यात कसं न्यायचं, याचं उत्तर विल्हेल्म मायबाख यांनी दिलं. १९०१ च्या मर्सिडीज गाडीला त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सुमारे आठ हजार बारीक नळ्या होत्या. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमधल्या बहुतेक गाड्यांत तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार पाणी खाली उतरायचं, एवढ्यावर काम भागायचं. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला, दाबाचं झाकण आलं. त्या दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं. म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं.

हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवली. प्रत्येक सुधारणेबरोबर पाणी चालवणाऱ्याच्या नजरेआड होत गेलं. बर्थाला दर थोड्या वेळाने पाण्याकडे बघावंच लागत होतं. मला वर्षवर्ष बघावं लागत नाही. मग बघायची सवयच जाते.

आमच्या मराठवाड्यात मोटार तशी उशिराच पोचली. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेखात्यामार्फत सरकारी बससेवा सुरू झाली, ती २७ गाड्यांवर. पण खेड्यातल्या माणसाची इंजिनाशी खरी ओळख झाली ती बसमधून नव्हे, तर विहिरीवर. १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या काळात मोटेची जागा हळूहळू ऑइल इंजिनाने घेतली. त्यातल्या पुष्कळ इंजिनांना रेडिएटर नसायचाच. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक धार इंजिनातून फिरून बाहेर पडायची. हिवाळ्यात सकाळी त्या कोमट धारेखाली अंघोळ करायला आम्हा पोरांची झुंबड उडायची. आणि वडीलधारी माणसं जाता जाता त्या धारेत हात घालून बघायची. धार बारीक झाली, किंवा हाताला चटका बसला, की इंजिन बंद करून आधी नळी साफ. निदान म्हणतात ते हेच. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

असो. आता गाडीकडे वळतो. चौथ्यांदा मी गाडी ज्या मिस्त्रींकडे नेली, ते अशीच विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत मोठे झालेले. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "गुरुजी, आधी मला सांगा, तापते कधी? गावात का हायवेला?"

मी म्हटलं, "गावात कधीच नाही. हायवेला, तासभर पळाली की."

"मग पंख्याचा दोष नव्हताच. वेगात वारा समोरून लागतोच की. पाणी गुपचूप कमी होतं का? सायलेन्सरमधून पांढरा धूर?"

"नाही." म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत.

"थर्मोस्टॅट काढताना वरचा पाइप गरम अन् खालचा गार, असं कुणी बघितलं होतं का?"

कुणी बघितलं नव्हतं. चांगला भाग उगाच काढला होता, आणि त्याच्यावाचून इंजिन सकाळी लवकर गरम न होता झिजत होतं.

मग शेवटचा प्रश्न आला. "गुरुजी, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं," मी म्हटलं. "दर आठवड्याला मीच घालतो, न चुकता."

ते काही बोलले नाहीत. इंजिनाच्या अंगाला पत्र्याची गोल बुचं असतात, त्यातलं एक काढून त्यांनी आत बॅटरी मारली. आत पांढराफटक थर. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला बसतो तसाच, पण बोटभर जाड. त्याचेच कपचे निघून नव्या रेडिएटरच्या नळ्यांत अडकले होते. रेडिएटर निर्दोष होता, पंखा निर्दोष होता. दोष माझ्या तांब्यात होता.

लाज कशाची वाटली सांगू? मी राहतो अंकुशनगरला, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या गावात. साखर कारखान्याच्या बॉयलरला कुणी बोअरचं पाणी तसंच देत नाही. उसाचा रस आटवायला वापरलेली वाफ थंड होऊन जे स्वच्छ पाणी होतं ते बॉयलरकडे फिरवतात, वरचं लागेल ते क्षार काढून देतात, आणि प्रयोगशाळेत तपासत राहतात. नळ्यांवर थर बसला तर काय होतं ते तिथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक असतं. मी रोज त्या धुराड्याकडे बघत गाडीत बोअरचं पाणी ओतत होतो.

वर्गात १८५७ शिकवताना मी मुलांना दरवर्षी बजावायचो की काडतुसं हे तात्कालिक कारण. साताऱ्याचं राज्य १८४८ ला खालसा झालं, नागपूरचं १८५४ ला, जमिनी गेल्या, मान गेला, तो थर आधीपासून साचत होता. नुसतं काडतूस लिहिलं की मी अर्धे मार्क कापायचो. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र दोन वर्षं काडतुसंच बदलत बसलो.

मिस्त्रींनी औषध घालून इंजिन चार वेळा धुतलं, रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट नवा बसवला आणि ऊर्ध्वपातित पाण्यात कूलंट मिसळून भरलं. त्यानंतर हा दुसरा उन्हाळा. काटा मधेच उभा आहे.

सौ.चं ऑपरेशन मात्र महिनाभर लांबलं. त्या वेळी आम्ही एसटीने गेलो. वाटेत ती म्हणाली, "तुमच्या गाडीला ताप येत नव्हता, तुम्ही तिला आजारी पाडत होता." यावर मला काही उत्तर सुचलेलं नाही.