कुत्र्याचा वारस

पेशवाईच्या दप्तरांतून जे फारसी शब्द आपल्या सरकारी मराठीत आजतागायत टिकून राहिले, त्यांपैकी ‘बेवारस’ हा शब्द मला सर्वांत बोलका वाटतो. कारण ज्या मालमत्तेवर हक्क सांगणारा कोणी उरला नाही तिच्यासाठी योजलेला हा शब्द पुढे ओळख न पटलेल्या प्रेताला लागला, आणि तेथून रस्त्यावरच्या कुत्र्याला. ‘भटके’ म्हटले की दोष कुत्र्याच्या पायांकडे जातो, ‘मोकाट’ म्हटले की त्याच्या वृत्तीकडे. ‘बेवारशी’ म्हटले म्हणजे मात्र नजर कुत्र्यावरून उठून भोवतालच्या माणसांकडे वळते. मुंबई शहरात कुत्र्यांच्या बंदोबस्ताचे जे कायदे झाले ते पहिल्या दोन शब्दांना धरून झाले, आणि तिसऱ्या शब्दाकडे पाहायला आपण फार उशीर केला.

या इतिहासातले सर्वांत ठळक प्रकरण १८३२ सालचे. त्याच वर्षाच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघू लागले होते. शहराभोवतीचा कोट अद्याप उभा होता, आणि कुलाब्याला जोडणारा रस्ता व्हायचा असल्यामुळे ते अजून निराळे बेटच होते. उन्हाच्या काहिलीने कुत्री पिसाळतात अशी तेव्हा दृढ समजूत असल्याने, १८१३ पासून अमलात असलेल्या एका नियमान्वये उष्ण दिवसांत मोकाट कुत्री ठार मारण्याची मुभा पोलिसांना होती. या नियमामागचे भय खोटे नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. पाश्चरची लस यायला अजून त्रेपन्न वर्षे अवकाश होता, आणि दंशानंतर ज्याला एकदा पाण्याचे भय वाटू लागले तो रोगी वाचत नसे. पेल्यातले पाणी पुढे करताच ज्याच्या घशाला आचके बसतात अशा मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाला भूतदयेची महती सांगण्याचे धैर्य कोणी करू नये.

त्या वर्षी पोलीस मॅजिस्ट्रेटने कुत्री मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस देऊ केले. गफलत झाली ती या आठ आण्यांत. पिसाळलेले जनावर धरणे हे जिवावरचे काम, तर ओट्यावर निजलेला, चुचकारताच शेपूट हलवीत जवळ येणारा कुत्रा हाताशी असलेला. आणि मोबदला मात्र दोहोंचा सारखाच! तेव्हा मारेकऱ्यांचा हात कोणत्या कुत्र्यावर आधी पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. लोकांच्या आवारातून, दारांतून पाळीव कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या.

६ जून हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटातल्या पारशी वस्तीत ही मारामार सुरू झाली, तेव्हा सुमारे दोनशे जणांचा जमाव दोघा गोऱ्या शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी कडकडीत हरताळ पडला. दुकाने बंद झाली, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले, आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी शिधासामग्री व पाणी लोकांनी वाटेतच अडवले. शेवटी लष्कर आणून जमाव पांगवण्यात आला आणि पुढाकार घेणाऱ्यांना कैद झाली. नेहमी सरकारशी मिळूनमिसळून वागणारा, राजनिष्ठेबद्दल नावाजलेला हा समाज कुत्र्यासाठी रस्त्यावर उतरला याचे त्या काळच्या इंग्रजांना मोठे आश्चर्य वाटले. परंतु ज्याला पारशी धर्माची तोंडओळख आहे त्याला ते वाटू नये.

पारशी अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात, आणि त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानतात. जेवणातला एक घास कुत्र्यासाठी काढून ठेवण्याची चालही त्यांच्यात आहे. पण याहून मला महत्त्वाचे वाटते ते ‘वेंदिदाद’ या त्यांच्या प्राचीन ग्रंथातील कुत्र्यांविषयीचे प्रकरण. कारण तेथे केवळ पूज्यभाव नाही, तेथे चक्क कायदा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी खोडा घालून त्याचे तोंड बांधावे. मात्र त्याचबरोबर एखाद्या धर्मनिष्ठ मनुष्याची करावी तशी त्याची शुश्रूषाही करावी, असे तेथे सांगितले आहे. त्याने मेंढराला किंवा माणसाला इजा केल्यास पहिल्या वेळी त्याचा उजवा कान कापावा. आणि व्यायला झालेल्या कुत्रीला कोणी पोसावे? तर ज्याच्या दाराजवळ ती येऊन पडली त्या घराने, आणि पिले स्वतःचे रक्षण करू लागेपर्यंत. म्हणजे मालक नसलेल्या कुत्रीलाही त्या कायद्याने वारस नेमून दिला होता: सर्वांत जवळचे घर! आपल्याकडे याज्ञवल्क्याने दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न हाताळला आहे. दात किंवा शिंगे असलेल्या आपल्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवणे शक्य असून जो धनी सोडवत नाही, त्याला तो दंड सांगतो. आणि सापडलेल्याने आरोळी ठोकली असूनही धनी हलला नाही, तर दंड दुप्पट. ती आरोळी ऐकून घेणारा स्मृतिकार मला फार मोठा वाटतो.

दंगलीनंतर शहरातल्या शेटसावकारांनी सरकारकडे अर्ज केला, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेट मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून घेतला, ही गोष्ट मी दंगलीपेक्षाही मोलाची मानतो. कारण दगड एका दिवसाच्या संतापात फेकता येतो, लाग्याचे पैसे मात्र दर सौद्याला मोजावे लागतात.

तरीही सरकारी कायद्याची चाल बदलली नाही. मुंबई पोलीस कायदा १९५१ सालचा, म्हणजे स्वराज्यातला; पण त्याच्या ४४व्या कलमात ठरावीक मुदतीत रस्त्यावर आढळणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा नाश करण्याचा जाहीरनामा काढण्याची तरतूद आहेच, आणि ती वाचताना मला १८१३ सालचा उन्हाळा आठवल्यावाचून राहत नाही. पाळीव कुत्र्याला परवाना आणि गळ्यात बिल्ला, बाकीच्यांसाठी गाडी.

त्या गाडीची एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या आजोळच्या गिरगावातल्या चाळीत एक पिवळा कुत्रा होता. अकरा बिऱ्हाडांचे शिळेपाके त्याला मिळे, आणि मुले त्याला राजा म्हणत. गाडी अंगणात आली, तारेचा फास घेतलेल्या माणसाने वर पाहून विचारले, “कुणाचा आहे हा?” तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. आजी भाताचे ताट हातात घेऊन उभी होती. त्या माणसाने पुन्हा एकदा विचारले, थोडा वेळ थांबलाही. मग त्याने आपले काम केले. परवान्याचे पैसे फार होते असे नव्हे. उद्या तो कुणाला चावला तर निस्तरायचे कुणी, एवढाच विचार अकराही दारांत एकाच वेळी उभा राहिला होता, आणि मी लहान असलो तरी गप्प राहणाऱ्यांत होतो.

२००१ साली केंद्र सरकारने मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरण करण्याचे नियम केले. २०२३ च्या नव्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘सामुदायिक प्राणी’ असे नाव मिळाले, आणि त्याच्या खाण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संस्थेवर सोपवण्यात आली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शस्त्रक्रिया व लस झालेली कुत्री त्यांच्याच वस्तीत परत सोडावीत, पिसाळलेली किंवा हिंस्र मात्र सोडू नयेत, आणि त्यांना वाटेल तेथे नव्हे तर नेमलेल्या जागीच खाऊ घालावे, असा हुकूम दिला. या तरतुदींवर सध्या जो कडाक्याचा वाद चालू आहे त्यात चावा लागलेल्या मुलाची आई आणि रोज रात्री बिस्किटांचा पुडा घेऊन निघणारी बाई यांना एकमेकींच्या वैरिणी म्हणून उभे केले जाते. वास्तविक दोघींचीही मागणी एकच आहे, की या जनावराबद्दल जाब देणारे कोणीतरी असावे.

मागच्या महिन्यात भुलेश्वराला गेलो असता पांजरपोळीच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळी कुत्री फुलवाल्याच्या ओल्या गोणपाटावर निजलेली दिसली. तिच्या एका कानाच्या टोकाचा तुकडा काढलेला होता. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण. लस कधी टोचली, म्हणून मी फुलवाल्याला विचारले. त्याने हातातली झेंडूची माळ खाली ठेवली, गल्ल्याच्या डब्याखालून एक घडी पडलेला कागद काढला, आणि तारीख वाचून दाखवली. पुढची लस केव्हा, तेही त्याच कागदावर पेन्सिलीने लिहिलेले होते.