पापुद्रा

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आत्याने चकलीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. "तोंड आलंय गं, पंधरा दिवस झाले," म्हणाली. आमच्याकडे तोंड येणं हा आजार नसतो. उष्णता, जागरण, पोट साफ नसणं, यांतलं काहीतरी असतं. मीही बॅगेतून बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप काढून तिच्या हातावर ठेवली आणि लॅपटॉप उघडून बसले. रिलीज होतं.

पुढचे चार महिने तिने जाईचा पाला चघळला, तुरटीच्या गुळण्या केल्या, ग्लिसरीन लावलं. एका दाताच्या डॉक्टरांनी दाढेचं टोक घासून दिलं, दुसऱ्यांनी दुसरं बी-कॉम्प्लेक्स दिलं. ती ताकभात खाऊन राहिली आणि अकरा किलोंनी उतरली. मग पाठीवर आणि छातीवर पाण्याचे फोड आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, नागीण आहे, गेरू लावा. गेरू लावला. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, हे फोड दोन्हीकडे होते, पण तेव्हा एवढं कोण बघतंय.

शेवटी पुण्याला आणलं. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी फार प्रश्न विचारले नाहीत. फोडाशेजारच्या, दिसायला अगदी धडधाकट कातडीवर अंगठा ठेवून किंचित दाबून सरकवला. वरची कातडी सरकली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. मला आजही तो अंगठा आठवतो. मॅडमनी बायोप्सी लिहून दिली आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले: पेम्फिगस व्हल्गॅरिस.

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसून फोनवर जे वाचत गेले, त्यात मला आत्याच्या आजाराहून मोठी गोष्ट सापडली. आपण एकसंध का आहोत, सुटे का होत नाही, या प्रश्नाला माणसाला शंभरेक वर्षं लागली, आणि उत्तर सापडलं ते आत्यासारख्याच रुग्णांच्या रक्तातून.

तो अंगठ्याचा प्रयोगही जुना आहे. कीव्हमधल्या प्योत्र निकोल्स्की नावाच्या डॉक्टरने १८९६ मध्ये त्याचं वर्णन केलं. आजही त्याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. पेम्फिगस हे नाव त्याहून जुनं, फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. त्या काळी हे नाव कागदावर पडलं, की बहुतेक वेळा शेवट ठरलेला असे. माणूस फोडांनी मरत नसे, फोड फुटल्यावर मरत असे. कातडीचं कुंपण गेलं की आतलं पाणी आणि क्षार बाहेर झिरपतात, बाहेरचे जंतू आत शिरतात. भाजलेल्या माणसाचं जे होतं तेच, फक्त आगीशिवाय.

आता कातडी सरकते म्हणजे नक्की काय तुटतं? इथे थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा काप ठेवला की पेशी काटेरी दिसत. एका पेशीचे काटे शेजारणीच्या काट्यांना भिडलेले. बहुतेकांना वाटलं, हे पूल आहेत, एका पेशीतला रस यांच्यातून दुसरीत जातो, म्हणजे कातडी हा एकच सलग गोळा आहे. इटलीत जूलिओ बित्सोझेरो या शास्त्रज्ञाला मात्र प्रत्येक काट्याच्या मध्यावर एक बारीक गाठ दिसली. हाच माणूस पुढे रक्तातल्या प्लेटलेट्स काय काम करतात हे सांगण्यासाठी ओळखला गेला. तो म्हणाला, हे पूल नाहीत, दोन वेगळ्या पेशी इथे एकमेकींना टेकल्या आहेत. तो बरोबर होता, पण सिद्ध करायला साधन नव्हतं. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि या दोन पेशींमधली फट आहे ३० नॅनोमीटरच्या आसपास. वाद तसाच राहिला. १९२० मध्ये योझेफ शाफरने त्या गाठीला नाव दिलं, डेस्मोसोम. डेस्मोस म्हणजे बंध, सोमा म्हणजे शरीर. नाव मिळालं, पण आत काय आहे ते कळायला आणखी चार दशकं गेली.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कातडीवर वळला आणि वाद मिटला. जॉर्ज ऑडलंडने १९५८ मध्ये माणसाच्या कातडीतले डेस्मोसोम दाखवले. दोन पेशींच्या दोन स्वतंत्र भिंती, दोन्हींच्या आतून एकेक जाड चकती, आणि मधल्या फटीत काहीतरी धरून ठेवणारं. शर्टाच्या प्रेस-बटणासारखं. १९६३ मध्ये मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी आतडं, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांच्या अस्तरात पाहिलं, की पेशींचे सांधे एका ठरावीक क्रमाने असतात. सगळ्यात वर दोन भिंती जवळजवळ शिवल्यासारख्या घट्ट, म्हणजे टाइट जंक्शन. त्याखाली एक पट्टा. त्याखाली डेस्मोसोमची बटणं. वरचा सांधा पाणी अडवतो, खालचे सांधे ताण झेलतात.

ही दोन कामं किती वेगळी आहेत, हे फार नंतर, जपानमध्ये स्पष्ट झालं. शोइचिरो त्सुकिता आणि मिकिओ फुरुसे यांनी १९९८ मध्ये टाइट जंक्शन बनवणारी प्रथिनं शोधली आणि 'बंद करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना क्लॉडिन म्हटलं. २००२ मध्ये त्यांनी क्लॉडिन-१ नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मली, कातडी जागच्या जागी होती, थर सगळे नीट होते. आणि ती एका दिवसात मेली, कातडीतून पाणी उडून जाऊन. आत्याचं उलटं होतं. तिची शिवण नाही, बटणं तुटत होती.

पेम्फिगसमध्ये पेशीच एकमेकींपासून सुटतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या लोकांनाही दिसलं होतं. पॅरिसच्या आशिल सिव्हाटने १९४३ मध्ये तेवढ्यावरूनच हा आजार इतर फोडांच्या आजारांपासून वेगळा काढला. पण सुटतात का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. विषाणू असेल, क्षारांची गडबड असेल, असे तर्क चालायचे. १९५० च्या दशकात कॉर्टिसोन आलं, डॉक्टरांनी ते पेम्फिगसवर वापरून पाहिलं आणि जे मरत होते ते जगायला लागले. कारण माहीत नाही, औषध चालतंय. आमच्या धंद्यात याला हसायला होतं, पण असे पॅच आम्हीही टाकतो आणि सिस्टिम वर्षानुवर्षं त्यावर उभी असते.

कारणाचा धागा मिळाला १९६४ मध्ये, अमेरिकेत बफेलो इथे. अर्न्स्ट बॉयटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांचं सीरम घेतलं, ते ऊतींच्या पातळ कापावर टाकलं, आणि अँटिबॉडी कुठे चिकटते ते चमकणाऱ्या रंगाने पाहिलं. पेशींच्या आत काही नव्हतं. चमकत होत्या पेशींच्या कडा, सगळीकडे, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारख्या. रुग्णाचं स्वतःचं रक्त स्वतःच्या पेशींच्या सांध्यांवर जाऊन बसत होतं.

पण चिकटणं म्हणजे तोडणं नव्हे. आग लागली तिथे बंब उभा असतो म्हणून आग बंबाने लावली असं होत नाही. ही शंका १९८२ मध्ये ग्रँट अॅनहॉल्ट आणि सहकाऱ्यांनी संपवली. त्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वेगळ्या काढून नवजात उंदरांना टोचल्या. उंदरांना फोड आले. निकोल्स्कीचा अंगठा उंदराच्या कातडीवरही चालला.

आता एकच प्रश्न उरला, अँटिबॉडी नेमकं काय धरते? आणि इथे मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर चाल दिसते. जॉन स्टॅन्ली आणि त्यांच्याकडे जपानहून आलेले तरुण डॉक्टर मासायुकी अमागाई यांनी कातडीच्या पेशींमधले हजारो जनुकीय तुकडे जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून प्रथिनं बनवून घेतली, आणि त्या ढिगाऱ्यातून योग्य तुकडा शोधायला वापरल्या रुग्णांच्याच अँटिबॉडी. जी गोष्ट त्या माणसांना मारत होती, तिलाच विचारलं, तू कुणाला ओळखतेस? १९९१ मध्ये उत्तर छापून आलं. हे कॅडहेरिन कुटुंबातलं नवं प्रथिन होतं. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियमच्या मदतीने पेशींना जोडणाऱ्या प्रथिनांना हे कुलनाम दिलं होतं. नव्या प्रथिनाला आज डेस्मोग्लीन-३ म्हणतात. बित्सोझेरोच्या गाठीतला गोंद अखेर हाती लागला होता.

मग आत्याचं तोंडच आधी का? यालाही उत्तर आहे, आणि ते वाचलं तेव्हा मी बाकड्यावर ताठ बसले. डेस्मोग्लीन एक नाही. कातडीच्या वरच्या थरांत डेस्मोग्लीन-१ भरपूर, खालच्या थरांत ३ जास्त. एक निकामी झालं तर दुसरं भार उचलतं. तोंडाच्या आतल्या अस्तरात मात्र जवळजवळ सगळा भार ३ वर आहे, बॅकअप दुबळा. त्यामुळे अँटिबॉडी फक्त ३ विरुद्ध असतील तर कातडी टिकते आणि तोंड सोलवटतं. पुढे १ विरुद्धही तयार झाल्या की अंगावर फोड येतात. ज्यांच्या अँटिबॉडी फक्त १ विरुद्ध असतात, त्यांना अंगभर वरवरचे फोड येतात आणि तोंड शाबूत राहतं. १९९९ मध्ये हे उंदरांवर दाखवलं गेलं. म्हणजे दिवाळीतल्या त्या चकलीपासून फेब्रुवारीतल्या फोडांपर्यंतचे चार महिने हा योगायोग नव्हता. आजार आपली बाराखडी ओळीने गिरवत होता आणि आम्ही बी-कॉम्प्लेक्स देत होतो.

गंमत म्हणजे हे बटण जिवाणूंनाही ठाऊक आहे. लहान मुलांच्या अंगावर स्टॅफिलोकॉकसमुळे येणारे पाण्याचे फोड अमागाईंनी तपासले, तर २००० मध्ये कळलं, की तो जंतू एक कात्री सोडतो आणि ती बरोबर डेस्मोग्लीन-१ कापते. माणसाला जे कळायला एवढा काळ लागला, ते त्या जंतूला आधीपासून येत होतं.

उपचाराचा एक धडा आपल्याकडे लिहिला गेला, आणि तो १९९१ च्या आधी. स्टेरॉइडची गोळी रोज मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतली तर हाडं, साखर, डोळे सगळं पणाला लागतं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात वेगळी पद्धत बसवली. दर २८ दिवसांनी तीन दिवस सलाइनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड, आणि मधल्या दिवसांत त्याचीच ५० मिलिग्रॅमची गोळी. औषधं स्वस्त आणि सरकारी रुग्णालयांत मिळणारी. भारतात हजारो लोक यावर जगले. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, ही त्याची किंमत. तरुण रुग्णांसाठी ती फार मोठी किंमत आहे, आणि पद्धतीचं कौतुक करताना हे वाक्य गाळलं जाऊ नये.

आता रितुक्सिमॅब आहे, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीवर नेम धरणारं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. मॅडमनी दोन्ही पर्याय सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून काका खिडकीबाहेर बघत राहिले. आत्या म्हणाली, "दिल्लीवाल्यांचं द्या." तिचं वय ५४ होतं, मुलं नोकरीला लागली होती. सायक्लोफॉस्फमाइडचं पाकीट बघून मात्र नातेवाइकांत कुजबुज झाली, कॅन्सर लपवतायत म्हणून.

वॉर्डात पहिले आठ दिवस तिला केळीच्या पानावर निजवलं होतं. चादर जखमेला चिकटते आणि उचलताना उरलेला पापुद्राही घेऊन जाते, पान चिकटत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची मलमपट्टी पद्धतशीर तपासून २००३ मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात छापली होती, हे मला नंतर कळलं. आत्याला तेव्हा एवढंच सुचलं, "जन्मभर या पानावर वाढलं, आता मलाच वाढलंय."

परवा मी तिला अमागाईंची गोष्ट सांगत होते. तिची सलाइन दीड वर्षापूर्वी थांबली, गोळीही थांबली, आता फक्त तपासणीला यायचं. रुग्णांच्याच रक्ताने गोंद शोधला, हे तिने दोनदा सांगायला लावलं. मग ठेच्याला भाकरी लावत विचारलं, "त्या माणसांची नावं लिहिलीयत का गं कुठे?"

मी म्हटलं, नाही आत्या. पेशंटची नावं छापत नाहीत.

"बरं," ती म्हणाली, आणि ठेचा माझ्याकडे सरकवला.