माझा प्रवास (विष्णुभट गोडसे)

पेण तालुक्यातील वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे यांनी १८५७–५८ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाचे आत्मकथन. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते काका रामभट यांच्यासह निघाले, आणि वाटेत बंडाच्या वणव्यात सापडून झाशीला पोहोचले. तेथील वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. प्रत्यक्ष युद्धात फौजेचे नेतृत्व करणाऱ्या राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीचे हे सर्वांत जवळचे मराठी साधन होय. घोड्यावर झेप घेणारी, पाठीशी मूल बांधलेली राणी पुतळ्यांनी आणि कवितांनी घराघरांत पोहोचवली. पण लढणारी बाई म्हणून तिला समजून घ्यायचे तर या भिक्षुकाकडेच यावे लागते. तिचा व्यायाम, स्नानाची आवड, कधी पुरुषी तर कधी साधा बायकी वेश, थंडीत गोरगरिबांना दिलेले कपडे, हे सारे ते टिपतात. मग तोफा सुरू झाल्यावर तीच बाई तटावर गोलंदाजांना धीर देताना दिसते, आणि रोजचे जगणे व रणांगण यांच्यात भिंत उरत नाही.

या साधनावर मुख्य आक्षेप तीन. पहिला असा की, लेखन घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून झाले. दुसरा, वैद्यांनी १९०७ मध्ये ग्रंथ छापताना मजकुरावर हात फिरवला. तिसरा, लेखक शिपाई नव्हे. मोर्चेबंदीतले त्याला काय कळणार? दुसऱ्या आक्षेपाला बरेचसे उत्तर १९६६ मध्ये मिळाले. त्या वर्षी दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून पाठ प्रसिद्ध केला. आज अभ्यासकाने तोच हाताशी धरावा. पहिला आक्षेप अंशतः खरा आहे. मीरतेकडील हकिकती गोडसे ऐकीव सांगतात आणि तेथे दंतकथा शिरल्या आहेत. मात्र झाशीचे वर्णन पाहिलेल्याचे आहे, आणि ते बाहेरच्या पुराव्याशी जुळते. वेढा घालणारा सेनापती सर ह्यू रोज यानेही स्त्रिया मोर्चांवर राबताना व दारूगोळा वाहताना दिसल्याचे नोंदवले. तटाच्या आतल्या भिक्षुकाने आणि तटाबाहेरच्या शत्रूने एकमेकांना न विचारता एकच शहर पाहिले. तिसरा आक्षेप तर मला उलटाच वाटतो. शिपाई मोर्चे सांगतो. गोडसे पाणी, भूक, भीती आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर झालेली कत्तल सांगतात. स्वतः जीव मुठीत धरून लपल्याचे ते लपवत नाहीत, आणि जो स्वतःचे भय कबूल करतो त्याने दुसऱ्याच्या धैर्याची दिलेली साक्ष अधिक वजनाची ठरते.

याची कसोटी पाहायची तर काल्पीकडील विहिरीचा प्रसंग वाचावा. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी वाटेत भेटते. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती विद्वान ब्राह्मणाला तसे करू देत नाही, स्वतः मडके विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. निव्वळ स्तुतीच करायची असती, तर लेखकाने तिला हरलेल्या दिवशी दाखवले नसते. या प्रसंगातले तिचे वागणे तिच्या काळाच्या वर्णधर्मातले आहे, आणि गोडसे यांची नजरही त्याच चौकटीतली. झाशीच्या इतर लढवय्या स्त्रियांची, विशेषतः झलकारीबाईंची, स्मृती बुंदेलखंडातील लोकपरंपरेने जपली, या ग्रंथाने नव्हे. ही उणीव मान्य करूनच त्याचा उपयोग करावा. ग्वाल्हेरजवळचा राणीचा मृत्यू (१७ जून १८५८, आपल्याकडे १८ जूनही मानतात) लेखकाने पाहिलेला नाही. तेवढ्यापुरते हे कथन ऐकीव म्हणूनच वाचले पाहिजे. ग्रंथाचा हिंदी अनुवाद अमृतलाल नागर यांनी केला असून इंग्रजीतही अनुवाद झाले आहेत.