ऊ म्हणायची की माशी?

मधमाशी ही माशी नव्हे, आणि मधमाशीची ऊ ही ऊ नव्हे. ती माशी आहे! कीटकशास्त्रज्ञाला यात काहीच विनोदी वाटणार नाही. शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला मात्र बसल्या जागी खाद्य मिळते.

आधी माशीचे पाहू. संस्कृत ‘मक्षिका’ प्राकृतात दोन वाटांनी गेली. ‘क्ष’चा ‘ख’ झाला तिथे हिंदीची ‘मक्खी’ आली, ‘छ’ झाला तिथे आपली ‘माशी’. क्षेत्राचे हिंदीत ‘खेत’ आणि मराठीत ‘शेत’, कुक्षीची तिकडे ‘कोख’ आणि इकडे ‘कूस’, तसेच हे. ऋग्वेदात मधाची गोडी असलेली मक्षिका आहे आणि यज्ञातल्या घोड्याच्या मांसावर बसणारीही मक्षिकाच. म्हणजे मधमाशी आणि घरमाशी यांना एकाच नावाखाली घालण्याची सवय निदान तितकी जुनी. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले, त्यांतल्या एकाचे नाव ‘माक्षिक’. आपण पुढे गांधीलमाशीलाही त्याच घरात घेतले. गुणगुणते, उडते, अंगावर येते ती माशी. पंख मोजत कोण बसतो?

ते मोजले ग्रीकांनी. ॲरिस्टॉटलने दोन पंखांच्या कीटकांना ‘डिप्टेरा’ म्हटले आणि लिनिअसने 1758 साली तेच नाव गणाला कायम केले. ‘दिस्’ म्हणजे दोनदा, ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख. या ‘प्तेरॉन’च्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतातला ‘पत्’, म्हणजे उडणे आणि पडणेही. मराठीतले ‘पडणे’ त्याच्याच वंशातले. घरमाशी, डास, केळ्यांवर घोंगावणारी चिलटे हे सगळे द्विपंखी. चार पंखांची मधमाशी मुंग्यांच्या आणि गांधिलांच्या गोतावळ्यातली.

आता मोहोळातल्या त्या पाहुणीकडे वळू. जेमतेम दीड मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी जीव मधमाशीच्या पाठीवर केसांना धरून बसतो. पायांच्या टोकांना फणीसारख्या नख्या आहेत, त्यामुळे घोडेस्वार पडत नाही. भूक लागली की तो मधमाशीच्या तोंडाशी उतरतो आणि तिथला घास उचलतो. राणीमाशी सर्वांत आवडती, कारण तिला सतत भरवले जाते. पंख नाहीत, पंखांच्या जागी खुंटही नाहीत. तरी ही अस्सल माशी. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी तर तिला फळमाश्यांच्या, म्हणजे त्या चिलटांच्याच कुळात नेऊन बसवले आहे. द्विपंखी गणात शून्य पंखांची सभासद!

फ्रान्सच्या रेओम्यूरने अठराव्या शतकात तिचे वर्णन केले आणि 1818 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ निट्झ्श यांनी तिला ‘ब्राउला सीका’ हे नाव दिले. ‘सीका’ म्हणजे लॅटिनमध्ये आंधळी. ती अगदी आंधळी नाही, डोळ्यांचे बारीक अवशेष आहेत. पण बारशाला ठेवलेले नाव शास्त्रात सहसा बदलत नाही. लोकांनी तिला ऊच म्हटले: इंग्रजीत ‘बी लाऊस’, जर्मनीत ‘बीनेनलाउस’, फ्रेंचमध्ये ‘पू’. सारेच उवेचे शब्द.

इथे माझी तक्रार आहे. ‘ऊ’ हा शब्द ‘यूका’वरून आलेला (हिंदीत ‘जूँ’), आणि यूका म्हटली की रक्त आलेच. ही बिचारी ना चावते, ना रक्त पिते. तिचा उपद्रव वेगळाच आहे. मधाने भरलेल्या घरांवरच्या मेणाच्या झाकणांखाली ती अंडी घालते आणि अळ्या मेणात बोगदे पोखरतात. पोळ्यासकट मध विकणाऱ्याचा माल त्यामुळे कुरूप दिसतो.

खरे रक्तशोषक नाव दुसऱ्याला मिळायला हवे होते, त्याला मिळाले मात्र एका पंडिताचे. मधमाशीचे शरीर शोषणाऱ्या माइटला 1904 मध्ये ‘व्हरोआ’ नाव मिळाले ते रोमन विद्वान व्हॅरो याच्यावरून. शेतीवरच्या ग्रंथात त्याने मधमाश्यांबद्दल लिहिले, हा त्याचा गुन्हा. पाळीव युरोपीय मधमाशीवर हल्ला करणाऱ्या जातीला 2000 मध्ये ‘डिस्ट्रक्टर’ म्हणून वेगळे काढले, तेव्हा कुठे नाव शोभले. त्या माइटवरच्या औषधांनी ही पंखहीन माशीही अनेक ठिकाणी जवळजवळ नाहीशी केली.

नेपाळमध्ये हिमालयातल्या मोठ्या मधमाशीवर ब्राउलाची थोरली बहीण राहते. 1986 मध्ये तिचे नाव ठेवले ‘मेगाब्राउला’. मराठीत या कुळाला काय म्हणावे? ‘मधमाशीची ऊ’ हे भाषांतर टाळावे, त्यात एकाच दमात दोन चुका आहेत. मी ‘ऊमाशी’ सुचवतो: चिकटून बसणे उवेचे, जात माशीची. आणि मधमाश्यांच्या पेटीत तांबूस ठिपका दिसलाच तर आधी पाय मोजा. सहा असतील तर ऊमाशी, आठ असतील तर व्हरोआ.